फवारणीची पूर्वसूचना : कायद्यातील चोवीस तास आणि आपला बांध

खरीप हंगामात कपाशी, तूर, सोयाबीन व भाजीपाला पिकांवर कीटकनाशकांच्या अनेक फवारण्या होतात. कोणत्या किडीसाठी कोणते औषध, किती मात्रा आणि किती पाणी याबद्दल या मासिकातून नेहमीच माहिती दिली जाते. मात्र फवारणी करण्यापूर्वी ती कोणाला सांगावी, याबाबत सहसा बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात या विषयावरील कायद्याच्या तरतुदी व गावपातळीवर करता येण्याजोगी व्यवस्था यांची माहिती दिली आहे.

एक अनुभव

ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात आमचे विद्यार्थी एका गावात राहत होते. त्यांच्या भेटीसाठी मी तेथे गेलो असता सकाळी दहाच्या सुमारास निंदणीला गेलेल्या दोन बायांना मळमळ, घाम आणि चक्कर सुरू झाल्याची बातमी आली. आदल्या दिवशी संध्याकाळी उशिरा त्या कपाशीवर फवारणी झाली होती. मजुरीचे बोलणे मात्र त्याच्याही आधी झाले होते, त्यामुळे बाया ठरल्याप्रमाणे सकाळी लवकरच शेतात शिरल्या. पाने दवाने ओली होती. थोड्याच वेळात त्यांची लुगडी गुडघ्यापर्यंत भिजली.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणते औषध होते?" शेतमालकाला कंपनीचे नाव अर्धवट आठवत होते. बाटल्या नाल्यात फेकल्या होत्या. विद्यार्थ्यांनी नाल्यात उतरून बाटल्या शोधून आणल्या, तेव्हा दोन औषधांचे मिश्रण होते हे कळले. दोन्ही बाया तीन दिवसांत बऱ्या होऊन घरी आल्या. नंतर त्या शेतमालकाने मला विचारले, "सर, फवारलं हे सांगायला पाहिजे होतं, असं कायद्यात कुठं लिहिलंय का?"

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागते. काही फवारणीसाठी तसे लिहिलेले आहे. त्यांच्या फवारणीसाठी लिहिलेले नाही. हा फरक प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेतला पाहिजे.

कायदा कशातून आला

सन १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे अति विषारी कीटकनाशक मिसळले गेलेले पीठ खाण्यात येऊन १०० हून अधिक माणसे दगावली. धान्य आणि विष यांची वाहतूक एकत्र झाली होती. खाणाऱ्यांना त्याची काहीच कल्पना नव्हती. या घटनेची चौकशी झाली आणि पुढे कीटकनाशके कायदा, १९६८ व कीटकनाशके नियम, १९७१ तयार झाले. औषधांची नोंदणी, विक्री परवाना, लेबल, माहितीपत्रक, साठवण व वाहतूक या सर्व बाबी त्यात येतात.

डब्यावरील चौकोनातील रंगीत त्रिकोण हा याच नियमांचा भाग आहे. वास्तविक ती सुद्धा एक सूचनाच आहे. लाल त्रिकोण म्हणजे अति तीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्यामानाने कमी विषारी. लाल त्रिकोणाच्या औषधावर कवटी व हाडांचे चिन्हही असते. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असतो. परंतु ही सूचना डबा हातात घेणाऱ्यापुरती आहे. शेजारच्या बांधावर गवत कापणाऱ्या माणसाला तो डबा दिसत नाही.

हवाई फवारणीचा नियम

विमान किंवा हेलिकॉप्टरने करावयाच्या फवारणीसाठी १९७१ च्या नियमांत नियम ४३ आहे. त्यातील मुख्य बाबी पुढीलप्रमाणे आहेत.

१) फवारणीच्या क्षेत्राच्या खुणा करण्याची जबाबदारी फवारणी करणाऱ्याची असते.
२) मान्यताप्राप्त औषधच मान्य तीव्रतेने व मान्य उंचीवरून फवारावे लागते.
३) धुण्याची, विष निष्प्रभ करण्याची व प्रथमोपचाराची सोय ठेवावी लागते.
४) फवारणीची सूचना सक्षम अधिकाऱ्यांमार्फत किमान २४ तास आधी जनतेला द्यावी लागते.
५) कामाशी संबंध नसलेली माणसे व जनावरे ठरावीक काळ त्या क्षेत्रात येऊ द्यायची नसतात.
६) वैमानिकाने कीटकनाशकांच्या शरीरावरील परिणामांसह विशेष प्रशिक्षण घेतलेले असावे लागते.

केवळ नियम असून भागत नाही, याचे मोठे उदाहरण केरळातील कासारगोड जिल्ह्याचे आहे. तेथे सरकारी महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सन २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले जात होते. मळे डोंगरउतारावर आणि त्यांच्या मधोमध वस्त्या, विहिरी व ओढे अशी तेथील रचना आहे. त्या भागातील लोकांच्या गंभीर आजारांचा आणि मुलांमधील जन्मजात व्यंगांचा प्रश्न देशभर गाजला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एन्डोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर यांवर देशभर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. जेथे लोकवस्ती मळ्याला चिकटून आहे आणि विहिरी उघड्या आहेत, तेथे नुसती तारीख कळवून काय साधणार? सूचनेबरोबर पाणी झाकणे, माणसे दूर ठेवणे आणि मुळात त्या जागी ती फवारणी योग्य आहे का हे पाहणे आवश्यक असते.

ड्रोनलाही हीच अट

आपल्याकडे विमानाने फवारणी क्वचितच होते, म्हणून हा नियम आपल्या कामाचा नाही असे समजू नये. आता गावोगावी ड्रोन येऊ लागले आहेत. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनद्वारे कीटकनाशक फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली आहे. त्यातही २४ तास आधी सूचना देणे आणि संबंध नसलेली माणसे व जनावरे दूर ठेवणे अपेक्षित आहे. ड्रोन चालवणारा प्रशिक्षित असावा, त्या पिकावर त्या औषधाला मान्यता असावी आणि पाण्याचे साठे व वस्ती यांपासून अंतर ठेवावे, हेही पाहावे. भाड्याने ड्रोन बोलावणाऱ्या शेतकऱ्याने, "गावात कळवले का?" हा प्रश्न चालकाला आधी विचारावा.

पाठीवरच्या पंपाचे काय?

आता त्या शेतमालकाच्या प्रश्नाकडे वळू. कीटकनाशके कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कोणी कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे विमानाला २४ तासांची अट आहे, पण आपल्याच शेतात पाठीवरचा पंप किंवा पेट्रोल पंप घेऊन फवारणाऱ्या शेतकऱ्याला या कायद्याखाली पूर्वसूचनेची सक्ती नाही. लहान शेतकऱ्यामागे कागदपत्रांचा ससेमिरा लागू नये, हा या सवलतीचा उपयोग आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणी करणाऱ्या ठेकेदाराने मात्र या सवलतीवर विसंबू नये.

सवलत आहे म्हणून जबाबदारी संपते असेही नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २८६ नुसार विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळून माणसाचा जीव धोक्यात आणणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही तरतूद सर्वांना लागू आहे. शेतकरी त्यातून सुटलेला नाही.

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीमुळे विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, औषधांची मिश्रणे आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे त्यावेळी पुढे आली. ती फवारणी विमानाने झालेली नव्हती. पंप माणसांच्या पाठीवरच होते. तेव्हा जेथे नियम गप्प आहे, तेथे धोका कमी आहे असे मुळीच नाही.

पूर्वसूचना कोणासाठी?

१) शेतमजूर : निंदणी, खुरपणी, वेचणी करणाऱ्या मजुरांचे हात-पाय पिकाला सतत लागतात. दवाने किंवा पावसाने पाने ओली झाली की पानांवरील औषध कपड्यांना व कातडीला लागते. मजूर सांगतानाच शेवटची फवारणी केव्हा व कशाची झाली हे सांगावे.

२) शेजारचे पीक : तणनाशकाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. ऊस, ज्वारी किंवा गहू या पिकांत वापरले जाणारे २,४-डी हे तणनाशक वाऱ्याबरोबर कपाशीवर किंवा द्राक्षबागेवर गेल्यास पाने अरुंद व विकृत होतात आणि वाढ खुंटते. यावरून बांधाबांधावर भांडणे झालेली आपण पाहतो. एक दिवस आधी बोलणे झाले, तर वाऱ्याची दिशा पाहून वेळ बदलता येते.

३) मधमाश्या व रेशीम कीटक : फुलोऱ्यातील सूर्यफूल, डाळिंब किंवा कांदा बीजोत्पादन प्लॉटवर दिवसा फवारणी झाल्यास मधमाश्या मरतात आणि परागीभवन कमी होऊन उत्पन्न घटते. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी टाळावी. अगदीच आवश्यक असल्यास संध्याकाळी माश्या पेटीत परतल्यावर करावी. शेजारी तुतीची बाग असेल तर अधिक दक्षता घ्यावी. फवारा उडालेला पाला खाऊन रेशीम अळ्यांची संपूर्ण बॅच मरू शकते. आधी कळवल्यास तुतीवाला शेतकरी पाला आदल्या दिवशीच कापून ठेवू शकतो.

४) जनावरे व पाणी : बांधावरचे गवत ही अनेक घरांतील जनावरांची वैरण असते. फवारा उडालेले गवत कापू नये म्हणून गुराख्यांना व गवत कापणाऱ्या बायांना माहिती हवी. विहीर, पाणवठा व ओढा यांच्या कडेला पंप भरू नये आणि धुऊही नये.

ग्रामसभेने काय करावे?

कोणते कीटकनाशक विकावे व कोणते नाही, हे ठरवण्याचे काम केंद्र व राज्य शासनाचे आहे. लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या औषधाची विक्री व वापर ठरावीक भागात ६० दिवसांपर्यंत थांबवण्याचा अधिकार कायद्याच्या कलम २७ ने शासनाला दिला आहे. चौकशी पूर्ण झाली नसल्यास ही मुदत एकूण ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. तसेच विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार कलम २६ मध्ये आहे.

ग्रामसभेला एकमेकांना सांगण्याची रीत मात्र निश्चितच घालून देता येते. अशा ठरावात सक्ती किंवा दंड नसला तरी चालेल. सर्वांच्या संमतीने झालेली रीत गावात अधिक चांगली पाळली जाते. ठरावात पुढील बाबी असाव्यात.

१) फवारणीची सूचना शक्यतो २४ तास आधी, निदान आदल्या संध्याकाळपर्यंत द्यावी.
२) सूचनेसाठी ग्रामपंचायतीजवळ एक फळा राखून ठेवावा. तीच माहिती गावाच्या मोबाईल गटावर टाकावी. मोठ्या क्षेत्रावर किंवा ड्रोनने फवारणी असल्यास दवंडी द्यावी किंवा ध्वनिक्षेपकावरून सांगावे. अनेक मजुरांना वाचता येत नाही किंवा त्यांच्याजवळ मोबाईल नसतो, हे विसरू नये.
३) फवारलेल्या शेताच्या वाटेवर काठीला लाल फडके बांधावे. मुदत संपली की ते काढून टाकावे. कायमचे टांगलेले फडके कोणी मानत नाही.
४) शाळा, अंगणवाडी व पिण्याच्या पाण्याच्या विहिरीलगतच्या शेतात शाळेच्या वेळेत व पाणी भरण्याच्या वेळेत फवारणी करू नये.
५) गावातील मधपेट्या व तुतीच्या बागा यांची यादी फळ्याजवळ लावावी.

सूचनेचा नमुना

सूचना थोडक्यात आणि सोप्या भाषेत असावी. उदाहरणार्थ :

"उद्या मंगळवारी सकाळी ७ ते १० या वेळेत पाझर तलावाच्या वरच्या अंगाला, दोन एकर कपाशीवर फवारणी आहे. औषध : (डब्यावरील पूर्ण नाव), त्रिकोण पिवळा. बुधवारी सकाळी १० वाजेपर्यंत शेतात जाऊ नये, बांधावरचे गवत कापू नये, जनावरे सोडू नयेत. लाल फडके लावले आहे."

यात शेताची जागा, वेळ, औषधाचे नाव, त्रिकोणाचा रंग व शेतात न जाण्याची मुदत या पाच गोष्टी आल्या. पाऊस किंवा वाऱ्यामुळे फवारणी पुढे ढकलली तर फळ्यावरील वेळही बदलावी. शेतात पुन्हा जाण्याची मुदत लेबलवर किंवा माहितीपत्रकात दिली असल्यास तीच पाळावी. दिली नसल्यास खबरदारी म्हणून पिवळ्या, निळ्या व हिरव्या त्रिकोणाच्या औषधासाठी किमान २४ तास आणि लाल त्रिकोणाच्या औषधासाठी किमान ४८ तास शेतात मजूर घालू नयेत. शेतात जाण्याची मुदत आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजीपाला तोडताना दुसरा कालावधीही तितक्याच काटेकोरपणे पाळावा.

"किडीला उद्या ये म्हणायचे का?"

पूर्वसूचनेबद्दल बोलताना शेतकरी बांधव हा प्रश्न हमखास विचारतात. कीड दिसल्यावर एक दिवस थांबले तर पीक जाईल, ही भीती असते. परंतु आर्थिक नुकसानीची पातळी पाहून फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला एवढी घाई करावी लागत नाही. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक नर पतंग आढळले, किंवा १० टक्के फुले अथवा हिरवी बोंडे किडलेली आढळली, तर फवारणीचा निर्णय घ्यावा अशी शिफारस आहे. जो शेतकरी तीन रात्री सापळा मोजतो, त्याला एक दिवस आधी फळ्यावर लिहिणे जड जाऊ नये. उलट कृषी सेवा केंद्रातून बाटली आणून त्याच दुपारी फवारण्याची सवय असल्यास खर्चही वाढतो आणि धोकाही.

दुसरी शंका अशी की, नाव जाहीर केले तर लोक नावे ठेवतील. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मार्च २०२५ पासून ठरावीक धोकादायक कीटकनाशकांच्या नियोजित वापराची माहिती लोकांना आधी देणारी राज्यव्यापी व्यवस्था सुरू केली आहे. त्यात शेतकऱ्याचे नाव किंवा शेताचा नेमका पत्ता दिला जात नाही. आपल्या गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात, त्यामुळे तेवढी लपवाछपवी शक्य नाही आणि तिची गरजही नाही. सूचना देणारा शेतकरी काळजी घेणारा आहे, असेच गाव समजेल.

विषबाधा झाल्यास

१) रुग्णाला शेतातून ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे.
२) बेशुद्ध माणसाला तोंडाने काहीही देऊ नये. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय किंवा माहितीपत्रकात लिहिल्याशिवाय उलटी करवू नये.
३) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
४) औषधाचा डबा किंवा लेबल व माहितीपत्रक सोबत न्यावे. मिश्रण असल्यास सर्व डबे न्यावेत. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील विषावर ॲट्रोपिन दिले जाते, तर पायरेथ्रॉइड गटाला ठरावीक उतारा नसून लक्षणांनुसार उपचार केले जातात. नाव कळल्यास डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

याच कारणासाठी फवारणीनंतर रिकामे डबे लगेच फेकू नयेत. शेतात पुन्हा जाण्याची मुदत संपेपर्यंत ते कुलूपबंद जागी ठेवावेत. नंतर ते पुन्हा वापरता येऊ नयेत अशा रीतीने फोडून वस्तीपासून व पाण्यापासून दूर पुरावेत. बाटलीत पाणी, तेल किंवा धान्य कधीही भरू नये.

समारोप

त्या शेतमालकाला मी त्या दिवशी कलम ३८ समजावून सांगितले. कायद्याने तुम्हाला पूर्वसूचनेची सक्ती केलेली नाही, हे ऐकून त्यांना हायसे वाटेल असा माझा अंदाज होता. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बाया कामाला येतात त्या माझ्या भरवशावर." पुढच्या भेटीत त्यांच्या बांधावर काठीला लाल फडके दिसले.

शेतकरी बंधूंनो व भगिनींनो, विमानासाठी जो नियम पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी आवश्यक वाटला, तोच आपल्या पंपासाठी आपण स्वखुशीने लावून घ्यावा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, एक फळा राखून ठेवावा आणि पहिली सूचना स्वतःच्या शेताची लिहावी.

लक्षात ठेवा

• ड्रोन व हवाई फवारणीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी.
• स्वतःच्या शेतात सक्ती नसली तरी मजूर, शेजारी, मधपेट्यांचे मालक व गुराखी यांना आदल्या दिवशी कळवावे.
• सूचनेत जागा, वेळ, औषधाचे नाव, त्रिकोणाचा रंग व शेतात न जाण्याची मुदत लिहावी.
• वारा शेजारच्या पिकाकडे, वस्तीकडे किंवा पाण्याकडे असल्यास फवारणी थांबवावी.
• मुदत संपेपर्यंत डबा व माहितीपत्रक जपून ठेवावे.